पायांबद्दल बाबांना सांगायचं की नाही?

प्रश्न : माझे वडील 67 वर्षांचे आहेत. छातीतल्या महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) फुगा आलाय आणि तो आता 6.2 सेंटिमीटरचा झालाय. काही वर्षांपूर्वी पोटातल्या महाधमनीचं ऑपरेशन करून तिथे कृत्रिम नळी बसवली होती. सिगारेट तेव्हाच सुटली. बीपीच्या गोळ्या चालू आहेत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) थोडं जास्त असतं. आता छाती न उघडता जांघेतून स्टेंट ग्राफ्ट घालायचं ठरतंय. त्याआधी मानेजवळ एक छोटं ऑपरेशन करणार आहेत आणि पाठीत एक नळी घालणार आहेत. संमतीपत्र वाचून आम्ही हादरलो : दोन्ही पायांचा लकवा, पक्षाघात (मेंदूचा स्ट्रोक), मृत्यू. मोठे काका म्हणतात, 'त्याला लकव्याचं काही सांगू नका, धसका घेईल. सही मुलगा करेल.' भाऊ म्हणतो, एवढा धोका असेल तर ऑपरेशनच नको. बाबांना फक्त 'एक स्टेंट टाकायचाय' एवढंच माहीत आहे. आम्ही काय करावं?
– एक मुलगी

उत्तर : काकांवर रागावू नका. स्वतःच्या भावाच्या, म्हणजे बाबांच्या, काळजीपोटीच ते बोलताहेत. पण या ऑपरेशनच्या बाबतीत त्यांचं ऐकू नका. बाबांना सांगा, आणि लकव्याचं तर सगळ्यात आधी सांगा.

शुद्धीवर असलेल्या, सगळं समजणाऱ्या माणसाच्या जागी मुलाने सही केलेली कुठल्याही जबाबदार सर्जनला चालणार नाही, हा मुद्दा आहेच. माझं कारण मात्र त्याहून व्यवहाराचं आहे. ऑपरेशननंतर पायांतली ताकद जायला लागली, तर ते पहिल्यांदा कळणार बाबांनाच. मॉनिटरवर पाय दिसत नाहीत. कळल्याबरोबर त्यांनी हाक मारली, तर पाय परत येण्याची चांगली शक्यता असते. काहींचे पूर्ण येतात, काहींचे अर्धेमुर्धे. 'पडून पडून पाय जड झाला असेल, उगाच कुणाला उठवायचं, सकाळी सांगू' म्हणून ते रात्रभर गप्प राहिले, तर ती शक्यता तासागणिक कमी होत जाते. ज्याला हा धोका माहीतच नाही, तो हाक कशाला मारेल?

छातीतल्या ऑपरेशनने पाय कसे जातात, हे तुम्हीही समजून घ्या, म्हणजे बाबांना सांगताना तुमची धांदल उडणार नाही. पाय हलवणाऱ्या नसा मज्जारज्जूतून निघतात. मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांपैकी बऱ्याच छातीतल्या महाधमनीच्या मागच्या बाजूने फुटतात. त्यांतली सगळ्यात मोठी ॲडमकिएविझची धमनी. ती बहुतेकांमध्ये डाव्या बाजूने, छातीच्या खालच्या ते कमरेच्या वरच्या मणक्यांच्या दरम्यान आत शिरते. स्टेंट ग्राफ्ट म्हणजे कापड लावलेली जाळीची नळी. ती फुग्याच्या आत बसली की रक्त नळीतून वाहतं आणि फुग्याच्या भिंतीवरचा दाब उतरतो. पण नळी जेवढा भाग झाकते, तेवढ्या भागातल्या या बारीक धमन्यांची तोंडंही बुजतात. छाती उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये त्यांतल्या महत्त्वाच्या धमन्या पुन्हा जोडता येतात. स्टेंटमध्ये तशी सोय नाही.

तरीही बहुतेकांचे पाय शाबूत राहतात, कारण मज्जारज्जू एकाच धमनीवर विसंबून नसतो. त्याला वरून डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या फांदीतून रक्त मिळतं, मधून छातीतल्या धमन्यांतून, खालून कमरेच्या आणि ओटीपोटातल्या धमन्यांतून. मुख्य रस्ता बंद झाला की वाहतूक गल्ल्यांतून वळते, तसंच हे. बाबांची अडचण अशी की पोटातल्या जुन्या ऑपरेशनमध्ये कमरेच्या काही गल्ल्या आधीच बंद झाल्या असणार. म्हणून त्यांचा धोका इतरांपेक्षा जास्त धरायचा. तुमच्या पत्रातली ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. जुन्या ऑपरेशनचे कागद नव्या सर्जनने स्वतः पाहिलेत ना, याची खात्री करा. 'पोटाचं काहीतरी ऑपरेशन झालं होतं' एवढ्यावर भागवू नका.

मानेजवळचं ऑपरेशन का, हेही इथेच उलगडतं. फुगा डाव्या हाताच्या धमनीच्या अगदी जवळून सुरू होत असणार. नळी पक्की बसायला फुग्याच्या वर साधारण 2 सेंटिमीटर तरी निरोगी भिंत लागते. ती मिळवण्यासाठी डाव्या हाताच्या धमनीचं तोंड झाकावं लागतं. त्या धमनीतून हाताला रक्त जातंच, शिवाय मेंदूच्या मागच्या भागाला आणि मज्जारज्जूलाही जातं. म्हणून आधी मानेतल्या धमनीपासून हाताच्या धमनीपर्यंत एक जोडरस्ता करून ठेवतात. तातडीच्या केसमध्ये कधी कधी तेवढा वेळ मिळत नाही. बाबांच्या बाबतीत वेळ आहे आणि तुमचे सर्जन तो वापरताहेत, हे मला चांगलं लक्षण वाटतं. ते ऑपरेशन जास्तीचं नाही, बाबांचे पाय वाचवायचाच तो एक भाग आहे.

आता पाठीतली नळी. मज्जारज्जूभोवती पाणी असतं आणि त्या पाण्याचा दाब वाढला की बारीक धमन्यांतून रक्त पुढे सरकत नाही. रक्ताचा दाब वजा पाण्याचा दाब, एवढ्या जोरावर मज्जारज्जू जगतो. नळीतून थोडं थोडं पाणी काढून आतला दाब पाऱ्याच्या साधारण 10 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. दुसऱ्या बाजूने रक्ताचा दाब मुद्दाम चढा ठेवतात, सरासरी दाब (बीपीच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला) 80–90च्या वर. या नळीचेही धोके आहेत. पाणी भराभर निघालं तर डोकं भयंकर दुखतं, क्वचित कवटीच्या आत रक्तस्राव होतो, जंतुसंसर्गही होऊ शकतो. म्हणून ती सरसकट सगळ्यांना घालत नाहीत. तुमच्या बाबांना घालणार आहेत ते योग्यच आहे.

आयसीयूत भेटायला जाल तेव्हा दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, पलंगाचं डोकं स्वतःहून वरखाली करायचं नाही. पाण्याची नळी बाबांच्या शरीराच्या पातळीशी मोजून लावलेली असते, उशाकडची बाजू उचलली की हिशेब बिघडतो आणि पाणी भळाभळा निघू शकतं. 'जरा बसतं करा हो मला' असं त्यांनी म्हटलं, तरी आधी सिस्टरला हाक मारा. दुसरी गोष्ट बीपीची. इतकी वर्षं घरात कमी बीपी म्हणजे आनंदाची बातमी होती. त्या 2–3 दिवसांत नेमकं उलट असतं. वरचा आकडा 150 दिसला म्हणून घाबरून जाऊ नका, आणि 95 झाला तर 'वा, छान उतरलं' म्हणू नका. घरून आणलेली बीपीची गोळी 'रोजची आहे, चुकायला नको' म्हणून हळूच तोंडात घालणारे नातेवाईक असतात. प्रेमापोटीच करतात, पण त्या दिवसांत त्याने पाय जाऊ शकतात. कुठली गोळी कधी पुन्हा सुरू करायची, ते डॉक्टर सांगतील तेव्हाच.

हा लकवा भुलीतून बाहेर येतानाच दिसतो असं नाही. माणूस शुद्धीवर येतो, दोन्ही पाय उचलून दाखवतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बीपी थोडं घसरल्यावर पाय लुळे पडतात. म्हणून सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन 'काका, उजवा पाय उचला, आता डावा, अंगठा हलवा' असं म्हणणार. रात्रीही झोपेतून उठवणार. बाबा वैतागतील. त्यांना आधीच कारण माहीत असेल, तर वैतागूनही पाय उचलतील. घरी आल्यावरही पहिल्या काही आठवड्यांत पाय अचानक अशक्त झाले, बधिर वाटले किंवा लघवी अडली, तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

आकडे विचारले नाहीत तुम्ही, पण भावाला ते हवे असणार. मज्जारज्जूला इजा होण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अहवालांत साधारण 2 ते 10 टक्के आहे. नळी जितकी लांब, तितकं ते जास्त; आधी पोटातल्या महाधमनीचं ऑपरेशन झालेलं असेल तरी जास्त. त्यात तात्पुरती, परत येणारी अशक्तताही धरलेली असते. पक्षाघाताचं प्रमाणही त्याच सुमाराला, शंभरात 2 ते 8. महाधमनीच्या कमानीत चुन्यासारखे थर साचलेले असतात, तारा आणि नळ्या फिरवताना त्यांचा एखादा कण सुटून मेंदूकडे जातो. वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेल्या माणसात हे थर बहुधा असतात. सीटीत कमान कशी दिसतेय, हे सर्जनना सरळ विचारा.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही भावाने पाहावं. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. फुगा 6 सेंटिमीटरच्या पुढे गेला की फुटणं, भिंत चिरणं किंवा मृत्यू, यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण वर्षाला 14 टक्क्यांच्या आसपास निघालं. ते दर वर्षीचं आहे. ऑपरेशनचा धोका मुख्यतः एकदाच पत्करायचा असतो. छातीतला फुगा फुटल्यावर बहुतेक जण हॉस्पिटलपर्यंतही पोचत नाहीत. शक्य असेल तिथे 5.5 सेंटिमीटरलाच स्टेंटचा विचार सुरू होतो, बाबांचा त्याच्या पुढे गेलाय. 'नकोच' म्हणणं हाही एक निर्णय आहे आणि त्यालाही धोका आहे, फक्त तो संमतीपत्रावर छापलेला नसतो.

छाती उघडून ऑपरेशन करावं का, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तरुण रुग्णात, किंवा मार्फानसारख्या आजारात जिथे महाधमनीची भिंतच जन्मतः कच्ची असते, तिथे मी तोच पर्याय आधी विचारात घ्यायला सांगेन, कारण तो जास्त टिकतो. बाबांच्या वयात, क्रिएटिनिन वाढलेलं असताना आणि फुप्फुसांनी इतकी वर्षं धूर सोसलेला असताना, डावी छाती उघडून महाधमनीला चिमटा लावणं शरीराला फार जड जातं. स्टेंटचं तंत्र आता काही प्रयोगावस्थेत नाही. खार्किवमध्ये निकोलाय व्होलोडोस यांनी 1987 साली छातीतल्या महाधमनीत अशी नळी पहिल्यांदा बसवली. स्टॅनफर्डमध्ये मायकेल डेक यांच्या गटाने 1992 पासून ते पुढे नेलं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं आणि उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) 2005 मध्ये छातीसाठीच्या पहिल्या स्टेंट ग्राफ्टला मान्यता दिली.

बाकीचे धोके थोडक्यात सांगते. नळी घालायचं आवरण 7–8 मिलिमीटर जाडीचं असतं, ओटीपोटातल्या धमन्या अरुंद किंवा कडक असतील तर त्या फाटू शकतात. सर्जन सीटीवर त्यांची रुंदी आधी मोजतात. बाबांच्या पोटात जुनी नळी आहे, त्यामुळे वाट कशी आहे हे त्यांना विचाराच. सीटीसाठी आणि ऑपरेशनमध्ये रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून वापरायच्या डायचा (शिरेतून देतात त्या औषधाचा) मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिनचे जुने-नवे सगळे रिपोर्ट फाईलमध्ये वर ठेवा. पहिल्या आठवड्यात ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी बऱ्याच जणांत दिसतात. ती बहुधा शरीराची नळीवरची प्रतिक्रिया असते आणि आपोआप उतरते.

एक गुंतागुंत मात्र थोडक्यात उरकण्यासारखी नाही. नळीच्या वरच्या टोकाशी महाधमनीचा आतला थर चिरतो आणि ती चीर उलटी हृदयाकडे सरकते. हे शंभरात 1 ते 3 जणांत होतं, आणि ज्यांची महाधमनी मुळात चिरलेली असते त्यांच्यात जास्त. बाबांचा फुगा आहे, चीर नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण झालं तर जीव जाऊ शकतो आणि छाती उघडून तातडीचं ऑपरेशन हाच उपाय. ते टेबलावरही होतं आणि घरी आल्यावर काही आठवड्यांनीही. छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ, चक्कर येऊन कोसळणं, एका हाताची ताकद जाणं, यांपैकी काहीही झालं तर थांबायचं नाही.

अशा वेळी इमर्जन्सीत पोचल्यावर तुम्ही काय बोलता, यावर बरंच अवलंबून आहे. 'बाबांना स्टेंट टाकलाय आणि छातीत दुखतंय' म्हटलं, की समोरचा डॉक्टर हृदयाचा स्टेंट समजणार आणि हार्ट अटॅकच्या वाटेने निघणार. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन चिरलेल्या महाधमनीत घातक ठरू शकतं. म्हणून घरातल्या प्रत्येकाने एकच वाक्य पाठ करायचं : 'छातीतल्या महाधमनीत स्टेंट ग्राफ्ट आहे, आधी सीटी अँजिओ करा.' नळीबरोबर मिळणारं कार्ड बाबांच्या पाकिटात आणि त्याचा फोटो तुमच्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये हवा. बाबांना 'छोटा स्टेंट' म्हणून सांगणं मला नापसंत आहे, त्याचं हेही एक कारण. उद्या तेच शब्द ते डॉक्टरांना सांगतील.

मग सांगायचं कसं? ते काम काकांवर किंवा भावावर टाकू नका. पुढच्या भेटीला बाबांना बरोबर न्या आणि सर्जननाच बोलू द्या. आदल्या दिवशी तुम्ही एवढंच विचारा : 'बाबा, ऑपरेशनचं सगळं बारीकसारीक ऐकायचंय तुम्हाला, की मोठं मोठं तेवढं?' काही जणांना टक्केवारी हवी असते, काहींना नको असते. त्यांचं जे उत्तर येईल ते माना. मात्र पाय, छातीतली कळ आणि रक्ताची उलटी, या तीन गोष्टी त्यांना माहीत असल्याच पाहिजेत, बाकी काही ऐकायचं नसलं तरी. पायांचं असं म्हणता येईल : 'या ऑपरेशननंतर कधी कधी पायांतली ताकद जाते. लगेच कळलं तर उपाय आहे. म्हणून पाय जरा जरी वेगळा वाटला, तरी रात्री तीन वाजताही बेल दाबायची.' यात धसका घेण्यासारखं काय आहे? उलट त्यांच्या हाती काहीतरी करण्यासारखं येतं. आणि सगळं ऐकून ते 'मला नको हे ऑपरेशन' म्हणाले, तर तो त्यांचा निर्णय. त्यावर वाद घालण्याआधी नेमकी भीती कशाची आहे ते विचारा. बऱ्याचदा मरणापेक्षा दुसऱ्यावर ओझं होण्याचीच भीती जास्त असते, आणि त्यावर मुलांशी मोकळं बोलणं झालं की गाठ सुटते.

रक्ताच्या उलटीचं राहिलं. नळी अन्ननलिकेला आणि श्वासनलिकेला खेटून बसते. क्वचित, शंभरात एक-दोन जणांत, महिन्यांनी किंवा वर्षांनी मधली भिंत झिजून तिथे भोक पडतं. आधी बारीक ताप येत राहतो, गिळताना दुखतं, वजन उतरतं. मग एकदा थोडं ताजं रक्त उलटीतून किंवा खोकल्यातून पडतं आणि थांबतं. थांबलं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. पुढचा रक्तस्राव आवरता येत नाही. ॲसिडिटी समजून घरी बसणारे लोक यात हातचे जातात.

आणि नळी बसली म्हणजे फुगा कायमचा मिटला, असंही नाही. नळीच्या टोकाशी किंवा जोडाशी फट राहून फुग्यात पुन्हा रक्त शिरू शकतं, नळी सरकू शकते. यातलं काहीच दुखत नाही, म्हणूनच चकवतं. साधारणपणे महिन्याने एक सीटी, मग सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, आणि पुढे दर वर्षी तपासणी लागते. 'आता बरे आहेत की, उगाच डाय कशाला' हे वाक्य तिसऱ्या वर्षी तुमच्या घरात नक्की ऐकू येणार. क्रिएटिनिनमुळे डाय टाळायचा असेल तर डायशिवाय सीटी करून फुग्याचा आकार मोजता येतो, काहींना एमआरआय चालतो. तपासणीची पद्धत डॉक्टरांना विचारून बदला, पण तपासणी चुकवू नका. टोकाशी किंवा जोडाशी गळती दिसली तर ती बुजवावी लागते. एखाद्या बारीक धमनीतून उलटं रक्त येत असेल आणि फुगा वाढत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं.

अँटिबायोटिकचंही बघा. ऑपरेशनच्या वेळी लघवीची नळी घातली की नंतर लघवीचा जंतुसंसर्ग होणं नेहमीचं आहे, आणि त्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन लिहून देणंही नेहमीचं. महाधमनीला फुगा असलेल्यांनी या गटातली औषधं, दुसरा पर्याय असेल तर, टाळावीत असा इशारा एफडीएने डिसेंबर 2018 मध्ये दिला आहे. गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलात तरी 'महाधमनीचा फुगा' हे शब्द सांगा, ते दुसरं औषध देतील.

तुम्ही आणि तुमच्या भावानेही डॉक्टरांना एक प्रश्न विचारा. बाबांना पोटात आणि छातीत दोन्हीकडे फुगा झाला आहे, तेव्हा सख्ख्या नातेवाइकांची एकदा तपासणी करून घ्यावी का? पोटासाठी साधी सोनोग्राफी पुरते, छातीसाठी काय करायचं ते वय पाहून ठरवतील. यात काकाही आले. ते सिगारेट ओढत असतील तर पहिला नंबर त्यांचाच लावा.